चतुर रोज त्याच काडीवर का बसतो?

मागच्या अंकात मी सहज एका ओळीत लिहिलं होतं की पाऊस सरत आला की पुण्यात चतुर भरपूर दिसायला लागतात, त्यावर इतकी पत्रं आणि व्हॉट्सअ‍ॅप मेसेज आलेत की या वेळचं सगळं सदर चतुरावरच करतेय. ज्यांना चतुर म्हटल्यावर पटकन लक्षात येत नाही त्यांच्यासाठी, लहानपणी आपण ज्याला हेलिकॉप्टर म्हणायचो तोच हा. बसल्यावर पंख विमानासारखे आडवे पसरून ठेवतो तो चतुर, आणि बहुतेक वेळा पंख पाठीवर मिटून बसते ती बारीक अंगाची टाचणी. पत्रं थोडी आखडून घेतली आहेत.

ताई, नमस्कार. आमचे हे वैशाखात गेले, पंचेचाळीस वर्षांचा संसार होता. आषाढापासून आमच्या गॅलरीत एक लालभडक चतुर रोज येतो, साडेनऊ-दहाच्या सुमारास, कढीपत्त्याच्या कुंडीत एक वाळकी काडी आहे तिच्या टोकावर बसतो, उडतो आणि परत तिथेच येऊन बसतो. ऊन तापलं की शेपटी सरळ वर आभाळाकडे करून उभा राहतो. जाऊबाई म्हणतात भाऊजीच आलेत, सूर्याला नमस्कार करतायत, कारण हे रोज सकाळी अर्घ्य द्यायचे. मुलगा म्हणतो, आई असलं काही डोक्यात घेऊ नकोस. मोबाईलवर बघितलं तर चतुर म्हणजे परिवर्तन, पुनर्जन्म, गेलेल्या माणसाचा निरोप, असं काय काय लिहिलंय. मी काय समजू?
– कोथरूडच्या एक वाचक

तुमचं पत्र मी दोनतीनदा वाचलं. आधी त्या काडीवर काय चाललंय ते सांगते, मग बाकीचं बोलू.

तुमच्याकडे येतोय तो नर असणार. पाण्यातून नुकता बाहेर पडलेला चतुर फिकट पिवळट असतो आणि हा भडक लाल रंग नराला वयात आल्यावर चढतो, डोळ्यांपासून शेपटीच्या टोकापर्यंत. काही चतुर दिवसभर उडत राहतात आणि काही असे काडीवर बसून राहणारे असतात, त्यांना एक उघडं टोक लागतं, जिथून चारी बाजूचं दिसेल आणि एखादं चिलट गेलं की झेप घेऊन परत येता येईल. डोक्याचा बहुतेक भाग डोळ्यांनीच व्यापलेला, एकेका डोळ्यात हजारो बारीक डोळे, त्यामुळे मान न वळवता त्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं. तुमची वाळकी काडी त्याला टेहळणीच्या बुरुजासारखी आहे.

शेपटी वर करून उभा राहतो ते उन्हासाठी. (शेपटी म्हणजे खरंतर त्याचं पोट, पण आपण सगळे शेपटीच म्हणतो.) उद्या बारा वाजता त्याच्याकडे बघू नका, त्याच्या सावलीकडे बघा. सकाळी कुंडीच्या मातीवर लांबट रेघेसारखी पडते आणि तो उभा झाला की आक्रसून नुसत्या ठिपक्याएवढी होते, कारण शेपटीचं टोक त्याने बरोब्बर सूर्यावर धरलेलं असतं म्हणजे अंगावर कमीत कमी ऊन पडावं. सूर्य कलला की तोही कलतो. जाऊबाईंनी जे बघितलं ते अगदी बरोबर बघितलंय, सूर्याकडेच असतं ते तोंड म्हणा, टोक म्हणा. कारण तेवढं वेगळं आहे.

आता आषाढापासून हा एकच आहे का? बहुतेक नसावा. पंख आल्यावर चतुर काही आठवडेच जगतो. आमच्या गच्चीत कपडे वाळत घालायच्या तारेवर एक यायचा, उजव्या मागच्या पंखाला बारीकशी खाच पडलेली, जसं कागदाला नखाने टोकरावं तशी. त्या खाचेमुळे तो ओळखू यायचा. अकरा दिवस आला. बाराव्या दिवशी त्याच जागी, तारेच्या त्याच गाठीवर, पूर्ण पंखांचा दुसराच बसलेला. जागा चांगली असली की एक गेल्यावर दुसरा घेतो.

मोबाईलवर जे वाचलंत ते बहुतेक इकडूनतिकडून गोळा केलेलं असतं. आपल्याकडे पितरांचा मान कावळ्याला, पिंडाला कावळा शिवला का हे आपण बघतो, चतुराला तसं स्थान आपल्या विधीत मला तरी कुठे दिसलं नाही. जपानमध्ये मात्र आहे. तिकडे ओबोन म्हणून पितरांचा सण असतो, बऱ्याच ठिकाणी ऑगस्टमध्ये, आणि त्या दिवसांत पूर्वज चतुरावर बसून घरी येतात अशी समजूत आहे. जो पिवळसर चतुर तेव्हा थव्याने दिसतो त्याचं नावच तिकडे पितरांचा चतुर अशा अर्थाचं आहे, आणि गंमत म्हणजे अगदी तोच पिवळसर चतुर आत्ता पुण्यातल्या मैदानांवर उडतोय. पण युरोपात जा, तिथे त्याला सैतानाची सुई म्हणायचे आणि खोटं बोललास तर ओठ शिवून टाकेल अशी मुलांना भीती घालायचे. अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडच्या कोरड्या मुलखातले मूळ रहिवासी त्याला पाण्याशी जोडतात, त्यांच्या मडक्यांवर चतुर काढलेला असतो. एकच किडा, एकीकडे आजोबांना घेऊन येतो, एकीकडे ओठ शिवतो आणि एकीकडे पाणी आणतो. यातला पाण्याचा अर्थ मला सगळ्यात जवळचा वाटतो कारण तो त्याच्या जगण्यातूनच आलाय, चतुर दिसला म्हणजे त्याचा जन्म कुठल्यातरी तळ्यात, ओढ्यात नाहीतर डबक्यात झालाय हे नक्की.

तुम्ही विचारलंत म्हणून सरळ सांगते, तो कुणाचा निरोप घेऊन येतो असं मला वाटत नाही. पण तो आला की तुम्हाला यांची आठवण येते, साडेनऊ वाजता तुम्ही गॅलरीचं दार उघडता, दहा मिनिटं शांत बसता, हे सगळं खरं आहे आणि त्यासाठी चतुराला दुसरं कुणी व्हायची गरज नाही. ती काडी काढू नका. मुलाला एखाद्या रविवारी चहा घेऊन शेजारी बसवा आणि सावलीचा ठिपका दाखवा, वाद घालायच्या ऐवजी दोघं मिळून बघाल.

एक मात्र आत्ताच सांगून ठेवते, कारण मला त्याचीच काळजी वाटतेय. मार्गशीर्ष-पौषात थंडी वाढली की हे लाल चतुर खूप कमी होतात. एक दिवस तो येणार नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. तेव्हा ते परत गेले असं मनाला लावून घेऊ नका. थंडी पडली एवढंच झालेलं असेल.

मॅडम, मी नवीन कार घेतली, काळी. सोसायटीच्या ओपन पार्किंगमध्ये असते. गेले आठ दिवस बघतोय, चतुर येऊन बॉनेटला शेपटी टेकवून टेकवून जातात, परत परत. आईचं म्हणणं शुभ आहे, लक्ष्मी आली. असं काही असतं का?
– पिंपळे सौदागरहून एक वाचक

हे वाचून मला वाईट वाटलं. ती मादी आहे आणि ती तुमच्या बॉनेटवर अंडी घालतेय.

काय होतं सांगते. पाण्याच्या सपाट पृष्ठभागावरून उजेड परावर्तित होताना त्याच्या लहरी एका पातळीत येतात, आपल्या डोळ्याला तो फरक कळत नाही पण चतुराला कळतो आणि त्यावरूनच तो वरून उडताना खाली पाणी आहे हे ओळखतो. कोट्यवधी वर्षं ही खूण बिनचूक होती, कारण जमिनीवर असं आडवं चकाकणारं फक्त पाणीच होतं. आता तुमचं काळं पॉलिश केलेलं बॉनेट तशीच खूण देतं, कधीकधी पाण्यापेक्षाही ठळक. काळ्या आणि लाल गाड्यांकडे पाण्यातले किडे जास्त येतात हे अभ्यासात दिसलंय, हंगेरीत तर काळ्या चकचकीत थडग्यांवर चतुर येतात हेही नोंदवलंय. ती बिचारी शेपटी टेकवते, अंडी सोडते, तापलेल्या पत्र्यावर ती काही वेळात वाळून जातात.

म्हणून शुभ-अशुभ बाजूला ठेवा आणि गाडीवर मळकट रंगाचं, न चकाकणारं कापडी कव्हर घाला, किंवा झाडाखाली लावा. अंडी दिसली तर लगेच पाण्याने पुसून काढा, उन्हात ती तापली की रंगालाही डाग पडतात. आणि तुमच्या सोसायटीत कमळाचं कुंड वगैरे करायचा विषय निघाला तर आईंना म्हणावं तिथे हात वर करा, तिथे टेकवलेली शेपटी कामी येईल.

काकू, मी आठवीत आहे. शाळेत वक्तृत्व स्पर्धा आहे, विषय ‘निसर्ग माझा गुरू’. मी चतुर घेतलाय. आत्या म्हणाली की चतुर कधीच मागे हटत नाही हा मुद्दा घे, जपानचे सामुराई म्हणून त्याचं चित्र शिरस्त्राणावर लावायचे. अजून काय मुद्दे घेऊ?
– सदाशिव पेठेतून

अगं छान विषय घेतलास. सामुराईंचं आत्याने सांगितलं ते खरंच आहे, तिकडे त्याला विजयी किडा अशा अर्थाचं नाव आहे, कारण तो नेहमी पुढेच जातो अशी समजूत. फक्त एक अडचण आहे, चतुर मागे उडू शकतो. त्याचे चारही पंख वेगवेगळे हलतात, त्यामुळे तो पुढे, मागे, आडवा, आणि एका जागी हवेत थांबूनसुद्धा उडतो. तू स्टेजवरून ‘कधीच मागे जात नाही’ म्हणशील आणि पर्वती चढताना बघितलेला एखादा मुलगा हात वर करेल.

तू दत्तगुरूंचे चोवीस गुरू ऐकले असशील. भागवताच्या अकराव्या स्कंधात आहेत, संत एकनाथांनी त्यावरच मराठीत एवढी मोठी टीका लिहिली आणि ती १५७३ साली काशीत पूर्ण केली. त्यात पृथ्वी, वारा, समुद्र, अजगर, मधमाशी, कोळी असे सगळे आहेत, चतुर नाहीये. पण त्यातल्या दोन गोष्टी मला फार आवडतात. एक म्हणजे अवधूत यदुराजाला म्हणतो की हे गुरू मी माझ्या बुद्धीने केले, म्हणजे कुणी येऊन दीक्षा दिली नाही, त्याने बघितलं आणि शिकला. आणि दुसरं, यातले कितीतरी गुरू चुकणारे आहेत! पतंग दिव्यावर झेपावतो, मासा गळाला लागतो, हरीण गाण्याला भुलतं. त्यांच्याकडून काय करू नये ते शिकायचं.

शेवटचा गुरू कुंभारीण माशी. ती अळी पकडून मातीच्या घरट्यात कोंडते आणि भीतीने तिचंच ध्यान करून ती अळी स्वतःच माशी होते, असं त्यात सांगितलंय. आज आपल्याला माहितीय की कुंभारीण अळीला डंख मारून लुळी करते, घरट्यात स्वतःचं अंडं घालते, त्यातून निघालेलं पिल्लू ती अळी खाऊन मोठं होतं आणि बाहेर पडतं. माणसाने आत अळी जाताना बघितली आणि बाहेर माशी येताना बघितली, मधलं बघायचं राहिलं. म्हणून तुला सांगते, मुद्दे गोळा करायच्या आधी एक रविवार सकाळ पाषाण तलावाच्या नाहीतर कात्रजच्या तळ्याच्या काठाला बाबांबरोबर जाऊन बस आणि एकाच चतुराकडे अर्धा तास बघ.

बघायला काय मिळेल? त्याची शिकार बघ. प्रयोगांमध्ये असं दिसलंय की चतुर शंभरातल्या नव्वदहून जास्त वेळा भक्ष्य पकडतो, वाघ-सिंहांना हे जमत नाही. आणि कसं, तर चिलट आत्ता आहे तिथे तो जात नाही, ते पुढच्या क्षणी जिथे असेल तिथे जातो, क्रिकेटमध्ये सीमारेषेवरचा फिल्डर बॉल पडायच्या जागी पळतो ना, तसा. हा मुद्दा घे. आणि चुकणाऱ्या गुरूचा मुद्दा हवा असेल तर वरचं गाडीवाल्या काकांचं पत्र वाच, त्यातून काय घ्यायचं ते तुझं तू ठरव, तेच परीक्षकांना जास्त आवडेल.

चतुर खाली उडायला लागले की पाऊस येतो असं आमचे वडील सांगायचे. खरं आहे का? आणि पाऊस संपतानाही ते एवढे का दिसतात?
– उरुळी कांचनहून एक शेतकरी वाचक

पावसाआधी हवा दमट झाली की चिलटं-पाखरं खाली येतात, त्यांच्यामागे चतुरही येतात असं जुनी माणसं सांगतात आणि मीही बघितलंय, पण त्यावर पेरणीचा दिवस ठरवू नका एवढंच म्हणेन.

तुमचा दुसरा प्रश्न मोठा आहे. शेतावर, मैदानावर, पुरुषभर उंचीवर जे पिवळसर चतुर शेकड्यांनी न बसता गिरक्या घेत असतात, शास्त्रात त्यांना पॅन्टाला फ्लॅव्हेसेन्स म्हणतात. यांचं सगळं आयुष्य पावसाच्या मागे धावण्यात जातं. पावसाच्या साचलेल्या डबक्यात अंडी घालतात आणि डबकं आटायच्या आत, दीड-दोन महिन्यांत, पिल्लं मोठी होऊन उडून जातात, बाकीच्या कित्येक चतुरांना याला वर्षभर किंवा जास्तही लागतं. मालदीवमध्ये राहणारे जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांना प्रश्न पडला की दरवर्षी ऑक्टोबरात इथे हे लाखो चतुर येतात कुठून, कारण त्या बेटांवर चतुराला लागणारं गोडं पाणी जमिनीवर साठलेलं असं जवळजवळ नाहीच. वर्षानुवर्षं नोंदी ठेवून २००९ साली त्यांनी मांडलं की हे भारतातून येतात, मान्सून परतताना वरच्या हवेत मिळणाऱ्या वाऱ्यावर स्वार होऊन हिंदी महासागर ओलांडतात आणि पूर्व आफ्रिकेत तिकडचा पाऊस गाठतात. पुढच्या पिढ्या पुढच्या उन्हाळ्यानंतर परत इकडे. जाऊन-येऊन १४ ते १८ हजार किलोमीटर, चार पिढ्यांत मिळून. गेलेला कधीच परत येत नाही, त्याची नातवंडं-पतवंडं येतात. वडिलांनी बघितलेले आणि तुम्ही बघताय ते, मधे किती समुद्र झाले असतील विचार करा.

आणि त्यांच्या मागोमाग अमूर ससाणेही त्याच वाऱ्यावर जातात, सैबेरिया-चीनकडून निघून आफ्रिकेच्या दक्षिणेपर्यंत, समुद्रावर वाटेत हेच चतुर खात असावेत असं अभ्यासकांना वाटतं. नोव्हेंबर-डिसेंबरात लोणावळ्याच्या बाजूला हे ससाणे दिसतात, दुर्बीण घेऊन मंडळी मुद्दाम जातात.

गॅलरीत टबात पाणी ठेवलं तर चतुर येतील आणि डास खातील का?
– वाघोली

टबाच्या भरवशावर नको. चतुराची पिल्लं पाण्यात डासांच्या अळ्या खातात आणि मोठे झाल्यावर डासही खातात हे खरं, पण डासाला अंड्यापासून उडायला आठ-दहा दिवस पुरतात, तेवढ्यात चतुर पोचलेलासुद्धा नसतो. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साठलेल्या पाण्यात होतो. आठवड्याला टब रिकामा करून कोरडा करा.

नातू आठ वर्षांचा. गावाला गेल्यावर चतुराच्या शेपटीला दोरा बांधून उडवतो. सून रागावते. मी म्हणतो आम्हीही हेच केलं, त्यातूनच निसर्गाशी नातं जुळलं. आपलं मत?
– बिबवेवाडीचे एक आजोबा

आजोबा, आम्हीही केलंय, आणि मला तो दोऱ्याचा ताण अजून बोटाला आठवतो. पण सून बरोबर आहे. त्या शेपटीतच त्याचं पोट, श्वास घ्यायची छिद्रं, सगळं असतं, दोरा बांधलेला बहुतेक जगत नाही.

नातवाला त्यापेक्षा भारी काहीतरी दाखवा. मुळशीकडे आमच्या एका नातेवाइकांची विहीर आहे, तिथे एकदा रात्री दहा-साडेदहाला टॉर्च घेऊन बसले होते. पायरीच्या फटीतल्या गवतावर पाण्यातून एक मळकट, गाळाने माखलेला, सहा पायांचा किडा चढला. हाच पाण्यातला चतुर, तिथे तो मागच्या बाजूने पाणी आत घेऊन श्वास घेतो आणि घाई असली तर तेच पाणी जोरात सोडून पुढे सटकतो, खालचा ओठ हातासारखा लांब करून मासोळी पकडतो. तर तो गवताला घट्ट धरून थांबला. बराच वेळ काही नाही. मग पाठ उसवली, शिवण सुटावी तशी, आणि आतून फिकट हिरवट असं काहीतरी बाहेर आलं आणि डोकं खाली करून लोंबकळत राहिलं, अर्धा तास तरी, मला वाटलं मेलं. मग एकदम उठून स्वतःच्याच कातीला धरलं आणि शेपटी ओढून काढली. पंख तेव्हा चुरगळलेल्या ओल्या टिश्यूसारखे होते, हळूहळू पसरले, दुधाळ, मग काचेसारखे. हात लावायचा मोह होतो पण लावायचा नाही, या वेळी पंख दुमडला तर तो कायमचाच दुमडतो. पहाटे उडाला.

मागे रिकामी कात राहते, डोळ्यांच्या जागी पारदर्शक फुगे आणि पाठीच्या चिरेतून पांढरे बारीक दोरे लोंबतात, ते त्याच्या श्वासनळ्यांच्या आतल्या अस्तराचे. गावाला विहीर, पाट, तळं असेल तर सकाळी सातच्या आत काठच्या गवतावर, पाण्यापासून हातभर उंचीवर शोधायची, तुम्ही काठाला बसा आणि त्याला हात धरून उतरवा. कुणालाही न मारता घरी आणता येते. काडेपेटीत कापूस घालून ठेवली की वर्षानुवर्षं टिकते, आमच्याकडची नऊ वर्षांची आहे, एक पाय तेवढा मोडलाय.